सन व्हॅली १९३६: सहा रंगांच्या स्क्रीन प्रिंट पोस्टरच्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर

आयडाहोतल्या सन व्हॅली स्की रिसॉर्टच्या पहिल्या हंगामावर, म्हणजे १९३६-३७ च्या हिवाळ्यावर, एक भित्तिचित्र करायचं आहे. स्क्रीन प्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून केलेली छपाई, सहा रंग. चित्र ४५ × ६० सेंमी, कागदाचा ताव ५६ × ७६ सेंमी, आवृत्ती ३० प्रतींची.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली: खोटं जुनेपण नको. जाळलेल्या कडा, चहाचे डाग, संगणकावरून चढवलेले ओरखडे, छापलेल्या घड्या, यातलं काहीही घ्यायचं नाही. १९३० च्या दशकातलं पोस्टर छापखान्यातून बाहेर पडलं तेव्हा कोरं करकरीत होतं. त्याचा खास चेहरा आला तो मोजक्या सपाट रंगांमुळे, हाताने काढलेल्या अक्षरांमुळे आणि लांबून कळणाऱ्या मोठ्या आकारांमुळे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, वेगळी प्लेट किंवा वेगळी जाळी लागे, म्हणून रंग जपून वापरत. आपणही तीच मर्यादा पाळली की चित्र त्या काळाचं दिसू लागतं, वरून काही फासावं लागत नाही.

माध्यमालाही त्या काळाचा आधार आहे. रेल्वे कंपन्यांची मोठी पोस्टरं मुख्यतः लिथोग्राफीने, म्हणजे सपाट दगडावरून किंवा प्लेटवरून, छापली जात. पण अमेरिकेत १९३५ नंतर फेडरल आर्ट प्रोजेक्ट या सरकारी कला योजनेच्या पोस्टर विभागांनी जाळीची छपाई रुळवली. न्यूयॉर्कमध्ये त्यात अँथनी वेलोनिस यांचा मोठा वाटा होता. राष्ट्रीय उद्यानांची १९३८ ते १९४१ मधली गाजलेली पोस्टरं जाळीवरच छापलेली आहेत.

४ सप्टेंबर

संदर्भ तपासून घेतले. चित्रात काय यावं आणि काय येऊ नये, हे इथेच ठरतं.

युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना पश्चिमेकडच्या गाड्यांसाठी हिवाळी प्रवासी हवे होते. जागा शोधायला त्यांनी ऑस्ट्रियाचे काउंट फेलिक्स शाफगॉच यांना पाठवलं. १९३५-३६ च्या हिवाळ्यात बरेच डोंगर पाहून त्यांनी केचम गावाजवळची जागा पसंत केली. कोरडा बर्फ, भरपूर ऊन, वाऱ्यापासून आडोसा आणि झाडं नसलेले उतार तिथे एकत्र होते. प्रसिद्धीचं काम स्टीव्ह हॅनेगन यांच्याकडे होतं आणि त्यांनी सगळा भर उन्हावर दिला. रिसॉर्टच्या नावातला सूर्य त्यातूनच आला. लॉज २१ डिसेंबर १९३६ रोजी उघडलं.

चित्राचा विषय मात्र लॉज नाही, चेअर लिफ्टची खुर्ची आहे. युनियन पॅसिफिकचे ओमाहातले अभियंता जेम्स करन यांनी पूर्वी जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं होतं. फिरत्या दोरावरचे घड अडकवायचे हुक काढून त्याजागी खुर्च्या लावायच्या, ही कल्पना त्यांची. चालत्या खुर्चीत माणूस न धडपडता बसेल का, हे पाहायला ओमाहात ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधून चाचण्या घेतल्या, आणि ताशी ४ ते ५ मैलांचा वेग योग्य ठरला. १९३६ च्या डिसेंबरात डॉलर आणि प्रॉक्टर या दोन डोंगरांवर लिफ्ट सुरू झाल्या. करन यांना पेटंट १९३९ मध्ये मिळालं.

पोस्टरवरची ओळ म्हणून अनेकवचनी ठेवली: ‘स्कीअरसाठीच्या पहिल्या चेअर लिफ्ट, १९३६’. एका डोंगराचं नाव घेऊन ‘पहिली’ म्हणायचं कारण नाही, दोन्ही एकाच हंगामातल्या.

५ सप्टेंबर

या विषयावरच्या नव्या पोस्टरांत चार चुका वारंवार दिसतात. चारही चुकांची नोंद इथे करतो, रेखाटन सुरू करण्याआधी.

पहिली चूक, बाल्ड माउंटनवर लिफ्ट दाखवून खाली १९३६ लिहिणं. आज सन व्हॅली म्हटलं की डोळ्यांपुढे ‘बाल्डी’ येतो, पण त्यावरच्या लिफ्ट १९३९-४० च्या हंगामातल्या. त्या डोंगरावरचं राउंडहाउस हे उपाहारगृहही १९३९ चं. म्हणून आपल्या चित्रात बाल्डी मागे दिसेल, पण त्यावर ना मनोरा, ना झाडं तोडून काढलेल्या पांढऱ्या पट्ट्या.

दुसरी, लिफ्टच्या दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांची रांग. डॉलर उघडा डोंगर आहे. सवयीने काढलेली झाडं तिथे खोटी ठरतात.

तिसरी चूक कपडे आणि साधनांची. घट्ट ताणल्या जाणाऱ्या स्की पँट १९५० च्या दशकातल्या, प्लॅस्टिकचे बूट १९६० च्या दशकातले. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या काठ्या केचममध्येच एड स्कॉट यांनी बनवल्या, पण त्याही १९५० च्या दशकाच्या शेवटी. १९३६ च्या स्कीअरकडे लाकडी स्की, केबल बाइंडिंग (बूट स्कीला तारेने जखडणारी पकड), नाडीचे चामडी बूट, बांबूच्या काठ्या आणि त्यांच्या टोकाशी चामडी पट्ट्यांची मोठी गोल कडी हवीत. पँट ढगळ गॅबर्डिनची, घोट्याशी बुटात खोचलेली. डोकं उघडं किंवा लोकरी टोपी, हेल्मेट नाही.

चौथी चूक खुर्चीच्या दांड्याची. दोर चढता आहे म्हणून दांडाही दोराला काटकोनात काढतात. वारा नसेल तर भरलेली खुर्ची दोर कितीही चढता असला तरी ओळंब्यात लोंबते. दांडा कागदाच्या उभ्या कडेला समांतर हवा. हे चुकलं की खुर्ची मागे कलंडल्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खटकतं.

९ सप्टेंबर

रेखाटन पूर्ण आकारात, ट्रेसिंग पेपरवर. दोर डावीकडून खालून उजवीकडे वर, साधारण २२ अंशांत. दोन मनोऱ्यांमध्ये दोराला झोल दिला, भरलेल्या खुर्चीजवळ तो थोडा जास्त. पुढची खुर्ची मोठी, १७ सेंमी उंच, त्यात लाल स्वेटरमधली स्कीअर पाठमोरी. पुढे आणखी तीन खुर्च्या लहान होत जातात. त्यांच्यातलं अंतरही त्याच प्रमाणात कमी केलं. सारखं अंतर ठेवलं असतं तर डोंगर सपाट वाटला असता.

एकच आसन, एका बाजूने खाली येणारा वाकडा दांडा. दोन माणसांची खुर्ची इथे चालणार नाही.

स्कीची लांबी तेव्हाच्या नियमाने घेतली: उभ्या माणसाने हात वर केला की तळव्यापर्यंत. म्हणजे १६५ सेंमी उंचीच्या व्यक्तीला दोन मीटरच्या आत-बाहेर लांबीची स्की. आजच्या आखूड स्कीची सवय असलेल्या डोळ्याला ही फार लांब वाटते, पण काळ ओळखू येतो तो याच लांबीवरून.

सूर्य बाल्डीमागे मावळता. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो आणि डॉलरवरून बाल्डी साधारण त्याच अंगाला आहे, त्यामुळे हा प्रकाश केवळ सोयीचा नाही, खराही आहे. सावल्या पाहणाऱ्याकडे आणि किंचित डावीकडे.

जुन्या पोस्टरवरून काहीही गिरवलेलं नाही. अमेरिकेत १९३१ ते १९६३ मध्ये प्रकाशित झालेल्या कामावरचा हक्क २८ व्या वर्षी नूतनीकरण झालं असेल तरच टिकतो, पण ते प्रत्येक पोस्टरचं वेगळं तपासावं लागतं. रेल्वेची ढाल आणि रिसॉर्टचं सूर्यचिन्ह हे ट्रेडमार्क असल्याने तेही बाहेर.

१२ सप्टेंबर

अक्षरं. तळाशी ११ सेंमी उंचीची गडद पट्टी, तिच्यात रिसॉर्टचं नाव रोमन मोठ्या अक्षरांत, उंची ५.५ सेंमी. १९३६ मध्ये भूमितीवर बेतलेल्या सरळ रेषांच्या अक्षरांची चलती होती (फ्युचुरा १९२७ चा). पण तयार फाँट वापरला नाही. पोस्टरकार अक्षरं हाताने काढत आणि जागेप्रमाणे त्यांची रुंदी बदलत. ती किंचित विषमता तयार फाँटमध्ये सापडत नाही.

अडचण ‘व्ही’ आणि ‘ए’ शेजारी येतात तिथे आहे. दोघांच्या तिरप्या बाजू समांतर असल्याने मोजून सारखी फट ठेवली तर तिथे भगदाड दिसतं. पुढचे दोन ‘एल’ उलट त्रास देतात, प्रत्येकाच्या डोक्यावर मोकळी जागा राहते. उपाय: ‘ए’ चा पाय ‘व्ही’ च्या खाली ४ मिमी सरकवला, ‘एल’ चे आडवे पाय एक पंचमांश आखूड केले. मग कागद उलटा धरून पाहिला. उलटं धरलं की शब्द वाचला जात नाही, फक्त काळं-पांढरं दिसतं आणि फटी लगेच उघड्या पडतात.

१६ सप्टेंबर

रंगांची विभागणी. छपाईचा क्रम आणि प्रत्येक रंगाचं काम:

१. आकाश, तीन रंगांचं एकात एक मिसळणारं पटल: वर निळसर हिरवा, मध्ये फिका, क्षितिजाशी पीच.
२. मोहरी पिवळा: सूर्य, आणि तळाच्या पट्टीखालचा पूर्ण ठोकळा.
३. बर्फावरची सावली: पारदर्शक निळा-जांभळा.
४. बाल्डीचा निळा: अर्धपारदर्शक.
५. लाल: स्वेटर आणि टोपी.
६. गडद: दोर, खुर्ची, मनोरे, स्की, बाल्डीवरचं जंगल, तळपट्टी.

बर्फासाठी शाई नाही. बर्फ म्हणजे कोरा कागद. म्हणून कागद शुभ्र न घेता उबदार पांढरा घेतला. निळ्या सावलीशेजारी तो पुरेसा पांढरा भासतो आणि उन्हातला वाटतो.

पिवळ्या ठोकळ्यावर गडद पट्टी छापायची आणि अक्षरांची जागा त्या गडद रंगात उघडी सोडायची. अक्षरं आपोआप पिवळी निघतात, आणि छपाई अर्धा मिलिमीटर सरकली तरी अक्षरांभोवती पांढरी चीर पडत नाही. पिवळा ठोकळा पट्टीपेक्षा चारही बाजूंनी १ मिमी लहान ठेवला, म्हणजे बाहेर डोकावणार नाही.

बाकी ठिकाणी ट्रॅपिंग, म्हणजे शेजारच्या रंगांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढवणं: फिका रंग गडद रंगाखाली ०.७ मिमी शिरतो. लालसाठी आकाशात आणि बाल्डीत जागा मोकळी सोडली, कारण निळ्यावर छापलेला लाल तपकिरी होतो. त्या मोकळ्या जागेची कड गडद बाह्यरेषेखाली झाकली जाते. बाह्यरेषा १.५ मिमी असल्याने दोन्हीकडे ०.७ चा आधार मिळतो. सूर्याभोवती बाह्यरेषा नाही, तिथे पिवळा आकाशावर ०.७ मिमी चढतो आणि एक बारीक हिरवट कड दिसते. ती राहू दिली. हाताने छापलेल्या जुन्या पोस्टरांत अशी कड दिसतेच आणि ती सुंदर असते.

१८ सप्टेंबर

पॉझिटिव्ह फिल्म, म्हणजे प्रत्येक रंगाचा आकार काळ्यात असलेली पारदर्शक शीट; तिच्यावरून तो आकार जाळीवर उतरतो. संगणकाचा प्रिंट न काढता दाणेदार पॉलिएस्टर फिल्मवर हाताने केल्या: सपाट भाग अपारदर्शक शाईने, सावलीच्या कडा लिथो क्रेयॉनने. दाणेदार फिल्मवर क्रेयॉन दगडावर उमटतो तसाच तुटक उमटतो. बर्फाच्या उतारावर सावली संपते तिथे हा दाणा हवाच.

क्रेयॉन हलक्या हाताने ओढला तर दाणा राखाडी राहतो, प्रकाश अडवत नाही आणि जाळीत उतरत नाही. खिडकीशी धरून पाहायचं: ठिपका काळा हवा, अर्धवट चालणार नाही. दाट-विरळपणा ठिपक्यांच्या संख्येतून यायला हवा, त्यांच्या फिकेपणातून नाही.

तळपट्टीला लाकडाच्या रेषांचा पोत दिला. त्याचं कारण लॉजमध्ये आहे. गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवूड यांनी आरेखन केलेल्या त्या इमारतीच्या बाहेरच्या भिंती लाकडी दिसतात, पण काँक्रीटच्या आहेत. खरखरीत फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतलं, फळ्यांच्या रेषा त्यावर उमटल्या, आणि आम्लाच्या रंगाने भिंतींना तपकिरी केलं. आपल्या पट्टीतही लाकूड नाही, लाकडाचा ठसा आहे. पाइनची फळी तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेत घासून मऊ भाग खाली नेला, वर फिल्म चिकटपट्टीने घट्ट बसवली आणि क्रेयॉन आडवा धरून घासला. उंच रेषा काळ्या उमटतात, खोलगट भाग उघडा राहतो, आणि तिथून खालचा पिवळा डोकावतो. अक्षरांभोवती ४ मिमी पट्टा पोत न घालता भरीव काळा केला, नाहीतर अक्षरांच्या कडा पोतात विरघळतात.

२० सप्टेंबर

कागद: २५० जीएसएम, शंभर टक्के सुती, ५६ × ७६. ४२ ताव घेतले. ३० आवृत्तीचे, ३ कलावंत-प्रती, उरलेले नऊ सहा रंगांच्या जुळणीत खर्ची पडतील असं धरून. सहा रंगांना वीस टक्क्यांपेक्षा कमी जादा कागद ठेवला तर शेवटच्या रंगाला हात आखडतो.

सगळे ताव छपाईच्याच खोलीत रॅकवर दोन दिवस मोकळे ठेवले. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. सुती कागद ओलावा घेतो, फुगतो, आणि धाग्याच्या आडव्या दिशेत जास्त फुगतो. पहिला रंग ६५ टक्के आर्द्रतेत आणि चौथा ४० टक्क्यांत छापला तर खुणा कितीही अचूक असोत, रंग जुळत नाहीत. म्हणून सहाही रंग होईपर्यंत ताव या खोलीबाहेर जाणार नाहीत.

२२ सप्टेंबर

जाळ्या. फ्रेमचा आतला आकार ७० × ९० सेंमी, म्हणजे चित्राभोवती सगळीकडे किमान १२ सेंमी मोकळी जागा. कडेला जाळी ताठ असते, चित्र तिथवर नेलं तर कडेचा छाप कमी उतरतो. ताण प्रति सेंमी २० न्यूटन.

पहिल्या पाच रंगांना सेंटिमीटरला ७७ धाग्यांची जाळी, गडद रंगाला ९० ची. गडद रंगात ०.८ मिमीचा दोर आहे, आणि दांड्यांच्या उभ्या रेषा धाग्यांना समांतर जातात. अशा रेषेची कड करवतीच्या दातांसारखी निघण्याचा धोका असतो. त्यासाठी त्या जाळीवर इमल्शनचा (प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या लेपाचा) थर जाड घेतला: कागदाच्या बाजूने दोन, शाईच्या बाजूने एक. थर जाड असला की तो धाग्यांमधला खड्डा भरून काढतो.

डिग्रीझरने धुवून, कोट करून, कागदाची बाजू खाली ठेवून अंधारात वाळवल्या. वर धूळ बसली किंवा तेलकटपणा राहिला तर त्या जागी टाचणीएवढी भोकं पडतात आणि आकाशात ठिपके छापले जातात. अशी भोकं एक्स्पोज केल्यानंतर (फिल्ममधून प्रकाश दिल्यानंतर) ब्रशने इमल्शन लावून बुजवायची आणि पुन्हा प्रकाश द्यायचा.

२३ सप्टेंबर

एक्स्पोजरची चाचणी: एकाच फिल्मवर पुठ्ठा सरकवत पाच पट्टे, प्रत्येक आधीच्यापेक्षा दीडपट वेळ. कमी वेळ मिळालेल्या पट्ट्यात धुताना कडा चिकट होतात आणि इमल्शन वाहून जातं. जास्त वेळ मिळालेल्यात क्रेयॉनचे बारीक ठिपके बुजतात. सपाट आकारांना जो वेळ योग्य, तो दाण्यांना जास्त ठरतो. सावलीची आणि गडद रंगाची जाळी म्हणून एक पायरी कमी वेळेवर घेतली.

२५ सप्टेंबर

पहिला रंग, आकाश.

यात एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. तीन शाया स्क्वीजीच्या (शाई जाळीतून ढकलणाऱ्या रबरी पात्याच्या) लांबीवर शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि एकत्र ओढायच्या. रंग एकमेकांत मिसळतात ते स्क्वीजीच्या लांबीच्या दिशेत. आपल्याला रंग वरून खाली बदलायला हवा, म्हणजे स्क्वीजी चित्राच्या उंचीला समांतर धरून आडवी ओढायला हवी. आकाशाची उंची ३३ सेंमी, स्क्वीजी ३८ सेंमीची, ओढ ४५ सेंमी रुंदीवर. त्यामुळे या एका रंगासाठी ताव टेबलावर आडवा आहे आणि थांबे (ताव दरवेळी त्याच जागी टेकवायच्या अडण्या) वेगळे आहेत. पण थांबे कागदाच्या त्याच दोन कडांना टेकतात, जे पुढच्या पाचही रंगांत वापरले जातील: लांब कडेला दोन, आखूड कडेला एक. कडा बदलल्या तर तावांच्या कापातला फरक थेट जुळणीत उतरतो.

शाई: अ‍ॅक्रिलिक आणि छपाईचं माध्यम समसमान, त्यात ५ टक्के रिटार्डर (शाई लवकर वाळू न देणारं द्रव्य). ७७ च्या जाळीवर चौरस मीटरला साधारण ३० मिली शाई उतरते असं धरलं तर आकाशाला प्रत्येक छापामागे ४ ते ५ मिली, ४२ तावांना २०० मिली. जाळीवर कायम शाईची लड हवी म्हणून तिन्ही मिळून ५०० मिली केली. निळसर हिरवा पीबी १५ या निळ्या रंगद्रव्याचा, थोड्या पिवळ्याने मोडलेला. पीचमध्ये पिवळा ऑकर आणि थोडा लाल, बाकी पांढरा.

पहिले पाच-सहा छाप न्यूजप्रिंटवर, कारण तोवर शायांच्या मधल्या रेषा स्पष्ट दिसतात. नंतर पटल मऊ होतं. प्रत्येक ओढीत स्क्वीजी त्याच रेषेवर राहिली पाहिजे, म्हणून टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी मार्गदर्शक म्हणून लावली. स्क्वीजी १ सेंमी जरी खाली-वर भटकली तरी पीचमध्ये निळा शिरतो आणि क्षितिज मळतं. दहा-बारा छापांनंतर मधला फिका रंग अरुंद होऊ लागतो. तेव्हा लड उचलून मध्यभागी ताजी फिकी शाई घालायची. संपूर्ण मळेपर्यंत थांबलं तर जाळी धुवावी लागते आणि मग उरलेल्या प्रतींचं आकाश वेगळं निघतं.

प्रतीप्रतीत आकाश किंचित बदलतंच. आवृत्तीत ते मान्य आहे. क्षितिजाशी हिरवट झालेले तीन ताव मात्र बाजूला काढले, ते पुढच्या रंगांच्या जुळणीला वापरायचे.

२६ सप्टेंबर

पिवळा. जुळणीसाठी टेबलाला एका कडेने चिकटवलेली पारदर्शक शीट: जाळीतून तिच्यावर एक छाप घ्यायचा, ताव खाली सरकवून आकाशाशी जुळवायचा, शीट उलटून थांबे पक्के करायचे. गडद रंगापर्यंत हीच पद्धत.

जाळी आणि कागद यांत ३ मिमी अंतर. कमी ठेवलं तर जाळी ओल्या शाईवर चिकटून राहते आणि सपाट ठोकळ्यात ढगाळ डाग पडतात. जास्त ठेवलं तर दाब वाढवावा लागतो, जाळी ताणली जाते आणि चित्रच लांबतं.

२८ सप्टेंबर

सावली आणि बाल्डी, दोन्ही पारदर्शक.

सावलीत रंग फक्त ८ टक्के, बाकी पारदर्शक माध्यम. ओली असताना ती ठरवू नये. ओल्यापणी दुधी दिसते, वाळल्यावर गडद होते. पट्टी छापून, हेअर ड्रायरने वाळवून, कागदाच्या पांढऱ्याशेजारी धरून ठरवली. निळा जास्त झाला तर बर्फ गोठलेला, उदास दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर लाल घातल्यावर संध्याकाळ आली.

बाल्डीचा निळा ४० टक्के शाई, ६० टक्के माध्यम. तो आकाशाच्या पीचवर चढतो, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी करडा-जांभळा आणि शिखराशी निळा दिसतो. एकाच शाईत दोन छटा मिळाल्या. मोजक्या रंगांत काम करण्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच आहे.

चौथ्या रंगाच्या आधी ताव किंचित लहरी झाले होते. पाण्याच्या शाईने मोठा भाग भिजला की असं होतं. रात्रभर दोन सपाट फळ्यांमध्ये, ग्लासिन कागद मधे घालून, हलक्या वजनाखाली ठेवल्यावर बसले. छपाईच्या टेबलाची, कागद खाली धरून ठेवणारी, हवेची ओढ चालू ठेवणं इथे गरजेचं आहे.

३० सप्टेंबर

लाल. रंगद्रव्य पीआर २५४, अपारदर्शक. स्वस्त लाल शाया उन्हात सर्वांत आधी उडतात आणि या चित्राची नजर स्वेटरवरच अडकते, म्हणून रंगद्रव्याचा क्रमांक पाहूनच शाई घेतली. क्षेत्र लहान आहे, सगळं सुरळीत.

२ ऑक्टोबर

गडद. शुद्ध काळा घेतला नाही. बर्न्ट अंबर आणि पीबी १५ मिळून होणारा निळसर तपकिरी घेतला. शुद्ध काळ्याने बाकीचे रंग आजचे वाटू लागतात.

या जाळीत बारीक दोरही आहे आणि ११ सेंमीची भरीव पट्टीही. दोघांना एकच दाब चालत नाही: पट्टी भरायला जोर लागतो, त्या जोराने दोर जाडावतो. ७० ड्युरोमीटर कडकपणाची धारदार स्क्वीजी घेतली आणि ओढ पट्टीकडून सुरू केली. सुरुवातीला कोन साधारण ६५ अंश, पट्टी संपली की ताठ करून ७५. दोर स्वच्छ आला. शाई जाळीत वाळू नये म्हणून प्रत्येक छापानंतर लगेच शाई पसरवून ठेवायची. एखाद मिनिटाचा खंड पडला तरी दोर तुटक येतो. तसं झालं तर ओल्या फडक्याने कागदाच्या बाजूने पुसून दोन छाप न्यूजप्रिंटवर घ्यायचे.

लाकडाचा पोत पिवळ्यावर अपेक्षेपेक्षा छान उतरला आहे.

५ ऑक्टोबर

निवड. दोन मीटरवरून आणि हातात धरून, दोनदा. जुळणी १ मिमीपेक्षा जास्त सुटलेले, दोर तुटलेले, आकाशात ठिपके असलेले ताव वेगळे. ३० आणि ३ पूर्ण. क्रमांक आणि सही चित्राखाली पेन्सिलने. बॉलपेनची शाई फिकी पडते आणि कागदात शिरते.

९ ऑक्टोबर

फ्रेम. सुती माउंट, काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ३ मिमी अ‍ॅक्रिलिक. छाप माउंटच्या मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेने, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या खळीने लावला. चारही बाजूंनी चिकटवला तर दमट दिवसांत त्याला फुगायला जागा मिळत नाही आणि मधोमध लाट येते. चिकटपट्टी कधीच नको, तिचा गोंद काही वर्षांत कागदाच्या आरपार पिवळा डाग आणतो. अ‍ॅक्रिलिक आणि छाप यांत माउंटच्या जाडीएवढी फट राहते. फट नसेल तर अ‍ॅक्रिलिक शाई उष्णतेत त्यावर चिकटते.

फ्रेम साध्या ओकची, २ सेंमी रुंद, मेण लावलेली. जुनाट, तडे गेलेल्या लाकडाची फ्रेम या चित्राभोवती नाटकी दिसते.

१० ऑक्टोबर

टांगणी: ४५ अंशांत कापलेल्या दोन लाकडी पट्ट्या, एक भिंतीवर दोन स्क्रूंनी, दुसरी फ्रेमच्या मागे, एकमेकीत अडकणाऱ्या. तारेवर टांगलेली फ्रेम दार आपटलं की कलते, आणि या चित्रात ओळंब्यातले दांडे आहेत. फ्रेम एक अंश कलली तरी खुर्च्या वाऱ्यात असल्यासारख्या दिसतात. चित्राचा मध्य जमिनीपासून १४८ सेंमी. खालच्या दोन कोपऱ्यांत फेल्टच्या टिकल्या, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळायला.

समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही ना, हे दुपारी तपासलं. दिवा ५० लक्सच्या आसपास ठेवला, कागदावरच्या कामासाठी तेवढा पुरतो.

फिल्म क्रमांक घालून ग्लासिनमध्ये सपाट ठेवल्या. जाळ्या धुवून मोकळ्या केल्या, फक्त गडद रंगाची ठेवली आहे: तळपट्टी झाकून तिच्यातून नुसता दोर आणि खुर्च्या एका रंगात छोट्या तावांवर छापता येतील.